आधी एक हंगाम, मग अनुदान

पत्र लांब होतं, थोडं कापून देते.

“मी नाशिकची, दिंडोरी रोडला राहते. अकरावीत अमेरिकन सरकारच्या ‘येस’ एक्सचेंज कार्यक्रमातून वर्षभर तिकडे एका कुटुंबात राहून शिकले. आता अंबडला एका कंपनीत क्वालिटी विभागात आहे. अशा कार्यक्रमांतून परतलेल्यांना आपल्या भागात काम करायला छोटी अनुदानं मिळतात, त्यासाठी आम्ही चौघं अर्ज करतोय. बाकीचे तिघं पुणे, हैदराबाद आणि लखनौचे. विषय मी सुचवला: सुरगाणा-पेठहून द्राक्षबागांत कामाला येणाऱ्या मजुरांची मुलं. दर वर्षी त्यांची शाळा बुडते. बजेट ८ लाखांचं झालंय. २०० दप्तरं, २० टॅबलेट, मराठी शिकवणारं अ‍ॅप, टी-शर्ट, बॅनर, उद्घाटन. बाबा म्हणतात, परक्या सरकारचा पैसा घरात नको, उद्या नोटीस आली तर कोण बघणार? ओळखीचा एक ट्रस्ट म्हणतो, पैसे आमच्या खात्यात घ्या, दहा टक्के ठेवून बाकीचे तुम्हाला देतो. मला मात्र खरी भीती वेगळीच आहे. वर्षभराने पैसे संपले की त्या मुलांचं काय? अर्ज करू का? आणि उद्घाटनाला कोणाला बोलवावं?”

अर्ज कर, पण यंदा नको. एक हंगाम मध्ये जाऊ दे. सुरुवात तुझ्या बाबांपासून करते. पत्रात त्यांच्या वाट्याला जेमतेम एक ओळ आली आहे, पण सगळ्यात कामाचं तेच बोललेत.

परदेशातून पैसा घेण्यात गैर काही नाही. तू गेलीस तो कार्यक्रम काही आडमार्गाचा नव्हे. २००१ च्या हल्ल्यानंतर अमेरिकन संसदेने २००२ मध्ये तो सुरू केला आणि केनेडी व लुगर या दोन सिनेटरांचं नाव त्याला आहे. माजी सहभागींसाठी अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याचा ‘अ‍ॅल्युम्नाय एंगेजमेंट इनोव्हेशन फंड’ २०११ मध्ये सुरू झाला. आधी काही वर्षं त्यात २५ हजार डॉलरपर्यंत मिळायचे, पुढे मर्यादा ३५ हजारांवर गेली. त्याखेरीज एकेका कार्यक्रमाची आणखी लहान अनुदानं असतात. सगळं जाहीर, अर्ज मागवून, निवड करून.

अडचण पैसा भारतात शिरतो तिथे सुरू होते. आपल्याकडे २०१० चा परकीय योगदान नियमन कायदा आहे, ज्याला सगळे एफसीआरए म्हणतात. त्यात म्हटलंय की शैक्षणिक, सामाजिक, आर्थिक, सांस्कृतिक किंवा धार्मिक असा ठरावीक कार्यक्रम चालवणाऱ्या कोणीही केंद्रीय गृह मंत्रालयाकडे नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय परकीय पैसा घ्यायचा नाही. या ‘कोणीही’मध्ये फक्त संस्था नाहीत, एकटा माणूसही येतो. म्हणजे तूही. रक्कम लहान आहे म्हणून सूट नाही. आणि समजा मुंबईच्या अमेरिकन वाणिज्य दूतावासातून पैसे रुपयांत आले, तरी ते देशी होत नाहीत. पैसा कोणत्या चलनात आला हे इथे बघत नाहीत, देणारा कोण हे बघतात. तेव्हा ‘माझ्याच सेव्हिंग खात्यात घेते आणि नीट खर्च करते’ हा विचार डोक्यात असेल तर काढून टाक. नोटिशीबद्दल बाबा उगीच धास्तावलेले नाहीत.

आता तो दहा टक्केवाला ट्रस्ट. त्यांना नमस्कार करून निघून ये. २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेने घेतलेला परकीय पैसा दुसऱ्या संस्थेला किंवा माणसाला पुढे देता येत नाही, मग त्या दुसऱ्याकडे नोंदणी असो वा नसो. खातं भाड्याने देण्याचा हा धंदा पूर्वीही बरा नव्हता. आता तो सरळ बेकायदा आहे आणि अडकलीस तर तू पण अडकशील. त्या ट्रस्टकडे एफसीआरए नोंदणी आहे का, हे तरी विचारलंस का? नोंदणी असेल तर त्यांचं परकीय पैशाचं खातं स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेत असतं. तसा नियमच आहे. ‘आमचं खातं इथे जवळच्याच बँकेत आहे, उद्याच जमा होतील’ असं कोणी म्हणालं तर पुढे ऐकायची गरज नाही.

मग सरळ वाट कोणती? सुरगाणा-पेठ भागात आधीपासून काम करणारी, नोंदणी असलेली एखादी संस्था शोध आणि प्रकल्प तिचाच होऊ दे. पैसा ती घेईल, खर्च ती करेल, हिशोब ती देईल. तू आणि तुझे मित्र त्यात काम करणारे. प्रशासकीय खर्चावर तिला २० टक्क्यांची मर्यादा आहे, त्यामुळे ‘आमचा वाटा’ या नावाखाली काय काय निघेल यालाही लगाम बसतो. नाव तुझं मोठ्या अक्षरात येणार नाही, हे खरं. चालेल ना? (चालणार नसेल तर तेही आत्ताच स्वतःशी कबूल कर, नंतर कुरबुरी नकोत.)

दुसरी वाट पूर्वपरवानगीची. देणाऱ्याचं नाव, रक्कम आणि काम, सगळं ठरलेलं दाखवून ती मागतात. तिला वेळ लागतो, आणि तुझी अनुदानाची मुदत त्या वेळासाठी थांबेलच असं नाही. ‘मग आपलाच ट्रस्ट काढू’ असं पुण्याचा मित्र म्हणेलच. त्याला सांग, नव्या संस्थेला एफसीआरए नोंदणी लगेच मिळत नाही. तीन वर्षं काम आणि त्या काळात १५ लाखांचा खर्च दाखवावा लागतो. शिवाय एकदा ट्रस्ट काढला की धर्मादाय आयुक्तांकडे दर वर्षी हिशोब, विश्वस्त बदलला की चेंज रिपोर्ट. एका वर्षाच्या कामासाठी जन्मभराचं शेपूट लावून घेऊ नका. अर्ज भरण्याआधी अनुदान देणाऱ्यांनाच लेखी विचार: भारतात हा पैसा कोणाच्या नावावर, कोणत्या खात्यात आणि एफसीआरएच्या कोणत्या वाटेने येणार? उत्तर एखाद्या अशा सीएला दाखव ज्याने हे काम आधी केलंय. घरचे इन्कम टॅक्सवाले काका इथे पुरणार नाहीत.

बजेटकडे वळते. तुझं पत्र वाचताना मला सगळ्यात जास्त हसू तिथेच आलं. रागावू नकोस.

२०० दप्तरं. या फंडाच्या जाहिरातींत कशाकशाला पैसे मिळणार नाहीत याची लांबलचक यादी असते. दानधर्म, थेट सेवा पुरवणं, पगार आणि ऑफिसचा खर्च, बांधकाम, मोठी यंत्रसामग्री, भेटवस्तू, आधीच चालू असलेल्या कामाची नक्कल, पक्षीय राजकारण, धार्मिक कार्य. तुझी दप्तरं पहिल्याच शब्दात गेली. लोक पात्रतेचा भाग तीनदा वाचतात आणि ही यादी वाचतच नाहीत. यंदाच्या जाहिरातीतली यादी छापून घे आणि बजेटची एकेक ओळ तिच्यासमोर ठेव. आणि यादी नसती तरी मी दप्तरं काढायलाच लावली असती. दप्तर नाही म्हणून त्या मुलांची शाळा सुटलेली नाही.

शाळा का सुटते ते तुला ठाऊक असणार, तू त्याच रस्त्यावर राहतेस. पण प्रस्तावात ते उतरलेलं नाही. त्यात लिहिलंय: ‘जून ते मार्च, दर शनिवारी-रविवारी वर्ग’. जूनमध्ये ती मुलं आहेत कुठे? पाऊस लागला की माणसं आपापल्या पाड्यावर, भातात. भातकापणी उरकली, दिवाळी झाली, की टोळ्या दिंडोरी-निफाडकडे उतरतात. काही जण छाटणीसाठी त्याआधीच. मग विरळणी, डिपिंग (घड औषधाच्या पाण्यात बुडवणं), खुडणी, आणि होळीला घरी. होळीसाठी थांबा म्हटलं तरी कोणी थांबत नाही. तुझ्या दहा महिन्यांतले चार-साडेचार महिनेच मुलं तुझ्या हाती. आणि शनिवार-रविवार हे तुझ्या कंपनीचे सुट्टीचे वार, बागेचे नव्हेत. बागेत सुट्टी घडाकडे बघून मिळते.

एका संध्याकाळी बागेतल्या मजुरांच्या एखाद्या शेडवर जाऊन नुसती बसून ये. माणसं साडेपाच-सहाला परततात. कोणी चूल पेटवतं, कोणी पाण्याला जातं. नऊ-दहा वर्षांची पोर काखेत दीड वर्षाचं भावंड घेऊन फिरत असते. तुला शिकवायचंय त्या पोरीला, पण ती येणार ते त्या भावंडासकट. म्हणजे तुझ्या वर्गात सहा ते चौदा वयाची मुलं नसतील, सहा महिन्यांपासून चौदा वर्षांपर्यंतची असतील. त्या लहानग्यांना कोण सांभाळणार, याची एक ओळ तुझ्या बजेटमध्ये नाही. अ‍ॅपची आहे. फवारणीच्या दिवशी बागेलगत मुलांना बसवता येत नाही, तेव्हा दुसरी जागा कोणती, हेही नाही. मुकादमाशी कोण बोलणार? बागायतदाराची परवानगी? शेड त्याची, वीज त्याची. त्याला वाटलं की तू मजुरीचे दर नाही तर बालमजुरी तपासायला आली आहेस, तर दुसऱ्या दिवशी फाटक बंद.

आणि भाषा. ही मुलं घरी बहुतेक कोकणा ही आदिवासी बोली बोलतात. हैदराबादला बसून केलेलं पुस्तकी मराठीचं अ‍ॅप त्यांना परक्या मास्तरासारखंच वाटेल. त्यापेक्षा टोळीतच एखादी दहावी-बारावी झालेली मुलगी असते. बापाबरोबर खुडणीला आलेली, लग्न व्हायचंय, मोबाइलवर सगळं वाचते. तिला शोध. रोजचे दोन तास तिला मानधन दिलं तर तुझ्या २० टॅबलेटपेक्षा जास्त शिकवून होईल. आणि होळीनंतर ती त्याच मुलांबरोबर त्याच पाड्यावर परत जाते. तुझ्या ‘खऱ्या भीतीचं’ उत्तर मला तरी तिच्यातच दिसतं.

तुझा वर्ग म्हणजे शाळा नव्हे, हेही लक्षात ठेव. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने या मुलांना वयाप्रमाणे वर्गात प्रवेश आहे, एका शाळेतून दुसरीकडे जाण्याचा हक्कही आहे. स्थलांतरित मुलांसाठी आपल्या राज्यात शिक्षण हमी कार्ड आहे. गावच्या शाळेने ते द्यायचं, इथल्या शाळेने बघून मूल बसवून घ्यायचं. कागदावर सगळं आहे. होतं काय, की तिकडे पटावर नाव तसंच राहतं, इकडे कोणी विचारत नाही आणि मूल बागेत. बागेपासून जिल्हा परिषदेची शाळा अनेकदा चालत जाण्याएवढी असते. दिवाळीआधी सुरगाण्याच्या दोन-तीन पाड्यांवर जाऊन कार्डं करून घेणं, इकडे मुख्याध्यापकांशी आणि शाळा व्यवस्थापन समितीशी बोलणं, मुलं सकाळी शाळेत पोचतात का ते बघणं, आणि संध्याकाळी अभ्यासाला ती मुलगी. हे काम दिसायला काहीच नाही, फोटोत तर अजिबातच नाही. पण माझ्या मते प्रकल्प हाच. ‘नक्कल नको, थेट सेवा नको, लोकांना तयार करा’ या त्यांच्या अटींतही तो बसण्याची शक्यता जास्त.

म्हणून म्हटलं, यंदा नको. येत्या दिवाळीनंतर एकच बाग, एकच टोळी, पंधरा-वीस मुलं घे. खर्च किती? त्या मुलीचं मानधन, चटया, पाट्या-वह्या, लहानग्यांसाठी थोडा खाऊ, तुझं पेट्रोल, सुरगाण्याच्या एक-दोन फेऱ्या. माझ्या अंदाजाने सगळा हंगाम ४० हजारांच्या आसपास निघावा. तुम्ही चौघं कमावते असाल तर महिन्याला प्रत्येकी दोन-अडीच हजार काढा. पुस्तकं विकत घेत बसू नकोस. कुसुमाग्रज प्रतिष्ठानची ‘ग्रंथ तुमच्या दारी’ ही ग्रंथपेट्यांची योजना नाशिकचीच आहे, त्यांना भेट. एक पेटी फिरती ठेवायला इमारत लागत नाही, हे त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे.

आणि पहिल्या दिवसापासून हिशोब असा लिही जणू कोणी तपासायला येणारच आहे. रिक्षावाला बिल देत नाही, पाड्यावर जेवू घालणारी बाई पावती देत नाही. अशा वेळी साधं व्हाउचर: तारीख, रक्कम, कशासाठी, कोणाला, सही किंवा अंगठा, आणि अंगठा असेल तर शेजारी साक्षीदाराचं नाव. यूपीआयने दिले तर त्याच दिवशी वहीत टिपून ठेव, महिन्याने मोबाइलमध्ये शोधू म्हणशील तर सापडत नाही. कच्चं बिल नको, पक्कं घे, चार रुपये जास्त पडले तरी. ही वही बाबांकडे दे. खरंच सांगते. ज्यांना नोटिशीची भीती वाटते ती माणसं खजिनदार म्हणून उत्तम असतात, आणि त्यांचा विरोध अर्ध्याने कमी होतो तो वेगळाच फायदा.

हंगाम संपल्यावर तुझ्या हातात किती मुलं आली, किती टिकली, किती जण होळीनंतर गावच्या शाळेत परत बसली, त्या मुलीला काय जमलं, हे सगळं असेल. ‘आम्ही २०० मुलांपर्यंत पोचणार आहोत’ या वाक्यापेक्षा ‘१८ मुलं आली, ११ टिकली, ७ का गेली ते आम्हाला माहीत आहे’ हे वाक्य वाचणाऱ्याला थांबवतं. आकडे मी उदाहरणादाखल घेतलेत. तुझे खरे असतील ते लिही, कमी असले तरी. मग संस्थेकडे जा. रिकाम्या हाताने आलेल्या उत्साही मुलीला आणि एक हंगाम करून आलेल्या मुलीला संस्थेत वेगवेगळा चहा मिळतो.

शिवाय एकाच दारावर बसून राहू नये. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने एक्सचेंज कार्यक्रमांचे पैसे काही काळ रोखले होते, तेव्हा तिकडे शिकत असलेल्या मुलांचीही पंचाईत झाली. धोरण वॉशिंग्टनमध्ये बदलतं आणि खुडणी इकडे चालू असते. सातपूर-अंबडमधल्या मोठ्या कंपन्यांना २०१३ च्या कंपनी कायद्याने सीएसआरवर, म्हणजे सामाजिक कामांवर, खर्च करावाच लागतो. तुझ्या स्वतःच्या कंपनीत तो विभाग कोण बघतं, हे तुला माहीत आहे का? तिथेही नोंदणीकृत संस्था लागेल, पण तीच संस्था दोन्हीकडे चालू शकते, आणि देशी पैशाला एफसीआरएची भानगड नाही.

तुझ्या गटाबद्दल थोडंच. अर्ज एकट्याने नाही, माजी सहभागींच्या गटाने करायचा असतो, त्यामुळे बाकीचे तिघं हवेतच. पण प्रत्येकाला काम दे, नाहीतर तो आपापली कल्पना घुसवतो. हैदराबादच्या अ‍ॅपवाल्याला हजेरीचा आणि हिशोबाचा तक्ता करू दे. लखनौच्या मैत्रिणीचं इंग्रजी चांगलं असेल तर अर्जाचं लेखन तिच्याकडे. पुणेकराला संस्था आणि सीएच्या भेटी. कोणी म्हणालंच की सिंहस्थ आलाय, गोदाघाटावर काहीतरी करू, जास्त दिसेल, तर विषय तिथेच संपव. घाटावर स्वयंसेवकांची वाण पडणार नाही.

मुलांचे फोटो आई-बापांना विचारल्याशिवाय काढायचे नाहीत, आणि मोठ्या मुलींचे शक्यतो नाहीच. अहवालात फोटो मागतात. वहीवर वाकलेल्या डोक्यांचा पाठमोरा फोटोही चालतो.

उद्घाटन नको. बॅनर नको, टी-शर्ट तर मुळीच नकोत. बागेच्या शेडवर चौघंजण एकसारख्या टी-शर्टात उतरलात तर मुकादमाला वाटेल कंपनीचे लोक आले, आणि माणसं पांगतील. फारच हौस असेल तर खुडणी संपत आली की टोळीबरोबर एकदा जेवा. भाकरी त्यांची, गोड तुमचं.

पुढच्या वर्षी अर्ज भरशील तेव्हा एवढं बघ: अंतिम वेळ कोणत्या देशाच्या घड्याळाने आहे. अमेरिकेतली रात्रीची मुदत आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी संपते आणि त्या भरवशावर मुलं शेवटच्या तासाला बसतात. तू दोन दिवस आधी पाठव. त्याआधी बजेटची बेरीज बाबांकडून तपासून घे.